कीट्सचं चरित्र सव्वाशेव्या पानावर अडलंय, आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजात जॉन कीट्स या इंग्रज कवीच्या दोन-तीन कविता अभ्यासाला होत्या, त्या मनात राहिल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेने त्याचं सातशे पानांचं इंग्रजी चरित्र मागवलंत आणि सव्वाशेव्या पानावर गाडी अडली. आजोबांचा घोड्यांचा तबेला, मृत्युपत्र, पालक, कोर्टकचेरी हे सगळं आहे, कवितेचा मात्र पत्ता नाही. शिवाय पोरगा पंचविसाव्या वर्षी क्षयाने जाणार हे आधीच ठाऊक, त्यामुळे पानापानाला सुतक पाळल्यासारखं वाटतं. आधी कविता वाचायला हव्या होत्या का, आणि सगळं ओळीने वाचलंच पाहिजे का, असं तुम्ही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. रोमँटिक कवींचा पेपर बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचा, कारण इतर कोणाला तो नको असायचा. त्या निमित्ताने कीट्सची चार-पाच चरित्रं वाचली, काही दोनदा. पहिलं मीही अर्ध्यावर सोडलं होतं, हे आधी सांगून टाकतो.

अडचण पानांची नाही असं मला वाटतं. तुम्हीच लिहिलेल्या त्या सुतकाच्या वाक्यात खरी अडचण आहे. शेवट माहीत असला की आपण मागून पुढे वाचतो. पोराला खोकला आला की 'हं, सुरुवात झाली', कवितेत मरणाचा शब्द आला की 'बघा, त्याला कळलं होतं'. बालकवींचं आपण हेच करतो. भादलीच्या रेल्वेरुळावर 1918 साली त्यांना जो मृत्यू आला तो डोक्यात ठेवून 'औदुंबर' वाचायचं आणि त्या झाडाच्या पाण्यात सोडलेल्या पायांत मृत्यू शोधायचा. उत्तरपत्रिकांत हे इतक्यांदा वाचलंय की नंतर नंतर मी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढायचो.

यावर माझ्या अनुभवात एकच उपाय चालला: चरित्राच्या शेजारी त्याची पत्रं ठेवायची आणि तारखेला तारीख लावून वाचायचं. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचं माहीत नसतं, चरित्रकाराला सगळं माहीत असतं. दोन्ही समोर असली की तोल राहतो. पत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात, निवडक पत्रांचं एखादं स्वस्त पुस्तक घेतलंत तरी पुरे.

एक नमुना देतो. जॉर्ज हा कीट्सचा मधला भाऊ 1818 च्या जूनमध्ये बायकोला घेऊन अमेरिकेला गेला. त्या दोघांना कीट्स लांबच लांब पत्रं लिहायचा, एकेक पत्र आठवडेच्या आठवडे चालायचं. 1819 च्या फेब्रुवारीत सुरू केलेलं असंच एक पत्र मे महिन्यात संपलं. त्यात मार्चमधली एक नोंद आहे: काल पहिल्यांदाच क्रिकेटची बॅट हातात घेतली आणि डोळा काळानिळा करून घेतला. ब्राऊन हा त्याचा घरमित्र, त्याने पापणीला जळू लावली. मग आज सूज उतरली वगैरे. ज्या वसंतात त्याने आपली सगळ्यात मोठी ओड्स, म्हणजे कशाला तरी उद्देशून लिहिलेली भावकाव्यं, लिहिली, त्याच्याच तोंडावरची ही गोष्ट. वर्गात ही नोंद वाचून दाखवली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. याच पत्रात पुढे जगाला 'आत्मा घडवण्याची दरी' म्हणणारा प्रसिद्ध उतारा येतो आणि 'ला बेल डाम' ही कविताही येते, तीही जाता जाता, घरच्या गप्पांच्या ओघात. जळू, आत्मा आणि कविता एकाच पाकिटात. चरित्रात या तीन गोष्टी तीन वेगळ्या प्रकरणांत जातात. चरित्रकाराचा इलाज नसतो, त्याला विषयवार लावावंच लागतं. पण त्यामुळे माणूस मात्र फोडणीच्या डब्यासारखा कप्प्याकप्प्यांत बसतो.

तेव्हा सध्या सव्वाशेव्या पानावर खूण घाला आणि सरळ 1818 च्या उन्हाळ्याखेरीला उडी मारा. तिथून पुढचं वर्षभर नीट, सावकाश वाचा. मागची पानं वाया जाणार नाहीत. पैशांचा विषय निघाला की तुम्हीच परत जाल. आईवडील लवकर गेलेले. वडील 1804 मध्ये घोड्यावरून पडून वारले, आई 1810 मध्ये क्षयाने. मुलांचा पैसा रिचर्ड ॲबी नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याच्या हातात. आजोबांच्या मृत्युपत्रातला कीट्सच्या वाट्याचा काही पैसा चॅन्सरी कोर्टात पडून होता, आणि हयातीत त्याला तो मिळाला नाही. तुम्ही बँकेतले. हा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. पण तो सुरुवातीला वाचून पचत नाही, ही अडचण सगळ्यांचीच आहे.

आता दुसरी सवय, जी मला फार उशिरा लागली. कुठलाही रंगतदार प्रसंग आला की थांबायचं आणि विचारायचं: हे कोण सांगतंय, आणि किती वर्षांनी?

'नाइटिंगेल'च्या कवितेची गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगितली असेलच. सकाळी न्याहारीनंतर कीट्स खुर्ची घेऊन बागेतल्या प्लमच्या झाडाखाली जाऊन बसला, दोन-तीन तासांनी आत आला, हातात कागदाचे चार-पाच चिटोरे होते आणि ते तो गुपचूप पुस्तकांच्या मागे सारत होता. ब्राऊनने ते काढून घेतले, जुळवले आणि कविता वाचवली. मी ही गोष्ट पंधरा वर्षं तिखटमीठ लावून शिकवली. मग एका मुलीने विचारलं, "सर, ब्राऊन नसता तर कविता गेलीच असती?" मी ऐटीत हो म्हणालो, आणि घरी येऊन म्हटलं एकदा नीट बघावं.

तर, ही हकीकत ब्राऊनने लिहिली ती पंधरा-वीस वर्षांनी, कीट्स जाऊन बराच काळ लोटल्यावर. त्याच जोडघराच्या दुसऱ्या भागात राहिलेल्या डिल्क या मित्राने ती पुढे छापील पाहिली आणि चक्क भ्रम म्हणून उडवून लावली. आणि कवितेचं हस्तलिखित आहे, केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात. ते दोन कागदांवर आहे, चार-पाच चिटोऱ्यांवर नाही. मग ब्राऊन खोटं बोलला का? तसं मला वाटत नाही. झाड खरं असेल, सकाळ खरी असेल, त्या वर्षी घराशेजारी पक्ष्याने घरटं केलं होतं हेही असेल. पण मेलेल्या मित्राची गोष्ट वीस वर्षं मनात घोळवली की तिला आकार येतो, आणि त्या आकारात सांगणाऱ्यालाही जरा बरी जागा मिळते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी माझं उत्तर मागे घेतलं. हॅम्पस्टेडच्या त्या घरापुढे आजही प्लमचं एक झाड लावलेलं आहे. गोष्टीची ताकद बघा.

मात्र ही चाळणी लावताना सगळंच टाकून द्यायचं नाही. 3 फेब्रुवारी 1820 ची रात्र घ्या. कीट्स लंडनहून घोडागाडीच्या टपावरच्या स्वस्त जागेवर बसून, थंडीत गारठून आला. बिछान्यात शिरताना खोकला आला आणि चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्याने मेणबत्ती मागवली, थेंब पाहिला आणि म्हणाला की हा रंग मला कळतो, हे धमनीतलं रक्त आहे, हा माझा मृत्युदंड आहे. सांगणारा पुन्हा ब्राऊनच, पुन्हा उशिरा. पण त्या आजारपणाला कीट्सच्या त्याच दिवसांतल्या पत्रांचा आधार आहे, आणि रक्ताचा रंग ओळखण्याइतकं शिक्षणही त्याच्याकडे होतं. गाय्ज हॉस्पिटलात तो सर्जनच्या हाताखाली जखमा बांधायचा, आणि 1816 च्या जुलैत औषधं देण्याच्या परवान्याची परीक्षा पास झाला होता. म्हणजे प्रसंग पक्का, नेमके शब्द ब्राऊनच्या आठवणीतले. माझ्या प्रतीत अशा ठिकाणी मी समासात 'ब्रा.' असं बारीक लिहून ठेवलंय. बऱ्याच पानांवर आहे.

गाईडांमधून 'नकारात्मक क्षमता' असं भयाण भाषांतर होऊन बसलेली 'निगेटिव्ह केपेबिलिटी' ही सुप्रसिद्ध संज्ञासुद्धा, शंका आणि अनिश्चितता यांत उत्तरासाठी धडपड न करता राहता येणं या अर्थाची, त्याच्या हाती असलेल्या सगळ्या पत्रांत एकदाच येते, 1817 च्या डिसेंबरात भावांना लिहिलेल्या पत्रात. मूळ पत्र हरवलंय. आपल्याकडे आहे ती जॉर्जच्या विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याने केलेली नक्कल, आणि हा गृहस्थ नक्कल करण्यात फारसा काटेकोर नव्हता. एवढ्या एका शब्दावर किती प्रबंध उभे आहेत ते मोजायला नको.

तुम्ही लिहिलंय की टीकेने त्याचा जीव घेतला असं तुमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं. माझ्याही सांगितलं होतं. 'अ थिंग ऑफ ब्यूटी इज अ जॉय फॉरेव्हर' ही आपल्याकडे निरोपसमारंभाच्या फलकापर्यंत पोचलेली ओळ ज्या कवितेची पहिली ओळ आहे, ती 'एंडिमिअन' 1818 मध्ये आली. ब्लॅकवुड्स या मासिकाने त्याला दुकानात परत जा, मलमपट्ट्या आणि गोळ्यांकडे परत जा, असं सुनावलं. क्वार्टर्ली रिव्ह्यू या नियतकालिकानेही झोडलं. कविता बाजूला राहिली, त्याची जात काढली म्हणा ना. इंग्लंडातली जात, म्हणजे वर्ग आणि ली हंटसारख्या सरकारविरोधी मित्रांची संगत. कीट्स 1821 मध्ये गेल्यावर शेलीने शोककाव्य लिहिलं आणि प्रस्तावनेत या टीकेलाच जबाबदार धरलं. बायरनने 'डॉन वान'मध्ये त्याच कल्पनेची थट्टा केली: एका लेखाने विझला म्हणे. दोघेही मोठे कवी, आणि दोघांच्या ओळी लक्षात राहणाऱ्या. दंतकथेला आणखी काय हवं? कबरीच्या दगडावरसुद्धा मित्रांनी शत्रूंच्या दुष्टाव्याचा उल्लेख कोरला. त्याला स्वतःला एकच ओळ हवी होती, की ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं तो इथे आहे. दगडावर त्याचं नाव नाही, आणि तारीख 24 फेब्रुवारी आहे. तो गेला 23 च्या रात्री.

आता तारखा लावून बघा. टीका 1818 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आली. ऑक्टोबरात तो अमेरिकेतल्या भावाला लिहितो की ही घटकाभराची बाब आहे, मेल्यावर मी इंग्रज कवींच्या रांगेत असेन असं मला वाटतं. आणि त्यानंतरच्या बारा महिन्यांत 'हायपेरियन', 'सेंट ॲग्नेस', सगळी मोठी ओड्स. टीकेने खचलेला माणूस असं वर्ष काढत नाही. त्या शरदात खरं घडत होतं ते दुसरंच. धाकटा भाऊ टॉम क्षयाने अंथरुणाला खिळला होता आणि कीट्स बंद खोलीत त्याची शुश्रूषा करत होता. 1 डिसेंबरला टॉम गेला. मारेकरी शोधायचाच तर त्या खोलीत शोधा.

ज्या कवितेने मला चरित्राचा खरा उपयोग शिकवला ती 'टू ऑटम'. हिच्यापाशी जरा थांबतो.

आधी एक अडथळा बाजूला करू. आपण ऑटमचं भाषांतर 'शरद' करतो आणि डोळ्यांपुढे कोजागिरीचं चांदणं येतं. या कवितेत चांदणं नाही. सफरचंदांनी वाकलेली झाडं आहेत, फुगलेले भोपळे आहेत, धान्य पाखडताना वाऱ्यावर केस उडणारी बाई आहे, सायडर गाळताना शेवटच्या थेंबापर्यंत बघत बसणं आहे. आपल्याकडचं जवळचं काही असेल तर ते सुगीचे, खळ्याचे दिवस. तिसऱ्या कडव्यात कापणी झालेल्या शेतावर संध्याकाळचा लालसर उजेड पडतो. धसकटांचं रान हो, ज्वारी कापून नेल्यावर राहतं तसं. चालताना पायाला टोचणारं, बघायला ओकंबोकं.

कविता लिहिली विंचेस्टरला, रविवारी, 19 सप्टेंबर 1819 रोजी. दोन दिवसांनी रेनल्ड्स या मित्राला पत्र लिहिलंय. हवा किती छान आहे, धसकटांचं शेत इतकं कधीच आवडलं नव्हतं, वसंतातल्या गार हिरव्यापेक्षाही बरं वाटतं, काही चित्रं उबदार दिसतात तसं ते उबदार दिसतं, रविवारी फिरायला गेलो तेव्हा हे इतकं मनात भरलं की त्यावर लिहिलं. बस. कवितेचा उगम म्हणून एवढंच सापडतं: उबदार दिसणारी धसकटं.

चरित्र उघडलं की त्याच पंधरवड्यात आणखी काय चाललं होतं ते कळतं. जॉर्ज अमेरिकेत पैशांत बुडाला, त्याचं पत्र 10 सप्टेंबरच्या सुमारास आलं. कीट्स तसाच गाडी पकडून लंडनला ॲबीकडे धावला. पैसे काढणं जमतंय का बघितलं आणि चार-पाच दिवसांत परत आला. महिन्यापूर्वीच मँचेस्टरला सेंट पीटर्स मैदानावर निःशस्त्र सभेवर घोडदळ घातलं होतं, त्यालाच पीटरलू म्हणतात. त्या सभेचा पुढारी हेन्री हंट 13 सप्टेंबरला लंडनमध्ये आला तेव्हा कीट्स तिथेच होता. रस्त्यावर 30,000 माणसं होती असं त्याने भावाला लिहिलंय. स्वतःच्या खिशात काही नाही, फॅनी ब्रॉनशी लग्न ठरल्यासारखं आहे पण करता येत नाही, घसा सारखा धरतोय.

आणि यातलं कवितेत काय आलंय? काहीही नाही. कर्ज नाही, मोर्चा नाही, फॅनी नाही, 'मी' हा शब्दसुद्धा नाही.

बरेच विद्यार्थी इथे गोंधळायचे. त्यांना वाटायचं, चरित्र वाचलं की कवितेचं कुलूप उघडतं. काही अभ्यासक त्या कवितेत पीटरलू दडलेलं दाखवतात. त्यांचं म्हणणं वाचा, मला ते अर्धंच पटतं. मला चरित्राने दिलं ते वेगळंच. त्या कवितेची शांतता आयती मिळालेली नव्हती, चार दिवसांपूर्वी लंडनमध्ये भावाच्या पैशांसाठी वणवण करून आलेल्या माणसाची ती शांतता होती, हे कळलं. अर्थ तोच राहिला, वजन वाढलं. कीट्सच्या बाबतीत तरी चरित्राकडून मी एवढ्याचीच अपेक्षा ठेवतो. बायरनचं गणित निराळं आहे, तो स्वतःचंच नाटक लिहीत होता.

फॅनी ब्रॉनबद्दल घाईने मत करू नका, एवढं नक्की सांगेन. तिची कीट्सला आलेली पत्रं उरलेली नाहीत. शेवटची तर त्याने फोडलीसुद्धा नाहीत, ती त्याच्याबरोबर पुरली. म्हणजे आपल्यापुढे आहे तो एकाच बाजूचा पत्रव्यवहार, तोही आजारी आणि संशयाने पिसाळलेल्या माणसाचा. 1848 च्या पहिल्या चरित्रात तिचं नावही नाही, ती तेव्हा लग्न होऊन संसारात होती. कीट्सची तिला लिहिलेली पत्रं 1878 मध्ये छापली गेली आणि लोक तिच्यावरच तुटून पडले, ही पोरगी त्याच्या लायकीची नव्हती म्हणून. 1930 नंतर तिने कीट्सच्या बहिणीला लिहिलेली पत्रं बाहेर आली आणि समजूतदार, वाचणारी, दुःख गिळणारी बाई दिसली. म्हणून तुमच्या चरित्राचं साल बघा. जुनं असेल तर फॅनीच्या प्रकरणांत थोडं मीठ कमी करून वाचा.

कोणतं चरित्र घ्यावं, हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. तुमच्याकडे 1963 चं वॉल्टर जॅक्सन बेट यांचं असावं, पानांवरून तरी तसंच वाटतं. कविता कशी घडली हे त्यांच्याइतकं कुणी समजावत नाही. तुम्हाला कवितांसाठीच वाचायचं असेल तर बदलू नका. तारखा, पैसा, कोण कुठे राहत होतं यात रस असेल तर 1968 चं गिटिंग्ज यांचं. राजकारण आणि काळ हवा असेल तर अँड्र्यू मोशन यांचं, 1997 चं. तिन्ही वाचायची काही गरज नाही.

कविता आधी की चरित्र आधी, याचं माझं उत्तर: पाच-सहा कविता आधी, त्याही मोठ्याने. नाइटिंगेल, ऑटम, ग्रीशन अर्न, मेलंकली, चॅपमनच्या होमरवरचं सुनीत. कळल्या नाहीत तरी चालतील, कानात बसल्या पाहिजेत. मग चरित्रात ती तारीख आली की कविता पुन्हा काढा. उलट केलंत तर प्रत्येक ओळीत चरित्रकाराचा आवाज ऐकू येत राहतो, तो घालवायला मला काही वर्षं लागली.

ओळीने सगळं वाचायला हवं का? नाही. स्कॉटलंडची पायी भटकंती चाळली तरी चालेल, ॲबीच्या हिशोबांची पानं तुम्ही चाळणार नाही हे मला माहीत आहे. शेवटच्या दिवसांचं, रोमचं प्रकरण मात्र रात्री झोपताना वाचू नका. स्पॅनिश पायऱ्यांशेजारची ती खोली, डॉक्टर क्लार्क त्याला जवळजवळ उपाशी ठेवतोय आणि वर रक्तही काढतोय, सेव्हर्न हा चित्रकार मित्र एकटाच उशाशी. मी ते दर वेळी दिवसा उजेडी वाचतो.

पण तिथेही एक प्रसंग आहे. खाणावळीतून येणारं जेवण भिकार असायचं. एके दिवशी कीट्सने डबा आला तसा एकेक ताट उचलून खिडकीतून खाली चौकात ओतलं, हसत, आणि रिकामी टोपली आणणाऱ्याच्या हातात परत दिली. त्या दिवसापासून जेवण उत्तम यायला लागलं. हे सेव्हर्नने पुष्कळ वर्षांनी सांगितलंय, तेव्हा चाळणी लावाच. मी समासात 'से.' लिहून ठेवलंय, आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ही गोष्ट वर्गात सांगितली.